ओमानमध्ये नवीन आलात? जेवणाची ओळख खजुरापासून करून घ्या

लहानपणी थंडीत आजी डिंकाचे लाडू करायची, तेव्हा खारका फोडून बिया काढायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. त्या खारका कुठून येतात हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मस्कतला आल्यावर तिसऱ्या वर्षी, जूनच्या अखेरीस, बिदियाला गेलो होतो. शर्किया वाळवंटाच्या काठावरच्या त्या गावात एका बागेबाहेर मोठ्या तांब्याच्या भांड्यात पिवळेधमक कच्चे खजूर उकळत होते. भांडं थेट आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं. पंधरा-वीस मिनिटांनी झाऱ्याने उपसलेले खजूर मोकळ्या जमिनीवर पसरले जात होते आणि पलीकडे आठवडाभर ऊन खाल्लेला ढीग पडला होता. जवळ जाऊन एक उचलला, तर हातात खारीक होती. बागेच्या मालकाने समुद्राच्या दिशेला हात केला आणि म्हणाला, "हिंद." पिढ्यान्‌पिढ्या इथल्या खारका आपल्याकडेच येत आल्या आहेत. या उकडण्याला इथे 'तब्सील' म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या खजुराच्या जातीला 'मब्सली'.

त्या दिवसापासून ओमानच्या जेवणाकडे मी परक्या देशाचं जेवण म्हणून पाहिलं नाही. मुंबईहून तीन तासांच्या आत विमान इथे उतरतं. दोन-चार वर्षांसाठी येणारी आपली बरीच कुटुंबं मस्कतच्या रुवी भागातल्या भारतीय हॉटेलांत इडली-डोसा खातात, सुट्टीच्या दिवशी शवारमा आणि हमूस खातात आणि "अरबी जेवण खाल्लं" असं समजून परत जातात. शवारमा, हमूस, फलाफल हे सगळं लेबनॉन-सीरियाकडचं. ओमानी जेवण मुख्यतः घरात शिजतं, म्हणून ते हॉटेलात सहज सापडत नाही. तिथवर पोचायचं असेल तर आधी बसायचं कसं, कप धरायचा कसा आणि नाही म्हणायचं कसं, हे शिकावं लागतं. मला उमगायला पाच-सहा वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून क्रमाने सांगतो.

आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या

या देशात बारमाही नदी नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तरी डोंगरपायथ्याच्या गावांत खजुराच्या दाट बागा दिसतात, त्या 'फलज'मुळे. डोंगरातलं किंवा भूगर्भातलं पाणी उताराच्या पाटातून, कधी कित्येक किलोमीटर भुयारातून, गावात आणायची ही पद्धत. असे तीन हजारांहून जास्त फलज आजही वाहते आहेत आणि त्यातल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. निझवाजवळचा फलज दारिस त्यातलाच. जाऊन पाहाच, पाय बुडवून बसता येतं.

पाणी गावात शिरलं की पहिला मान पिण्याचा, मग वजू (नमाजाआधी हातपाय धुणं) आणि आंघोळीचा, मग खजुराच्या झाडांचा, आणि उरलं तर हंगामी पिकांचा. शेताला पाणी तासांच्या हिशोबात मिळतं. अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात आणि पूर्वी ही पाळी दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून मोजत. आपल्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

एवढ्या मोजक्या पाण्यावर भाताची खाचरं शक्य नव्हती. म्हणून तांदूळ समुद्रापलीकडून, आपल्याकडून आला. आज ओमानी माणूस भाताला 'ऐश' म्हणतो, म्हणजे 'जगणं'. लवंग आणि नारळाचं कालवण झांझिबारहून आलं, कारण एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने आपली राजधानीच तिकडे हलवली होती. खजूर, मासा, बकरी, लिंबू आणि मध मात्र इथलं स्वतःचं. ओमानी ताटातला प्रत्येक पदार्थ या दोन ढिगांपैकी कशातून आला हे ओळखायची सवय लावा, मग नावं आपोआप लक्षात राहतात.

खजूर ओळखायला शिका

दुकानात "खजूर द्या" म्हणणं म्हणजे आपल्या बाजारात नुसतं "आंबा द्या" म्हणण्यासारखं आहे. 'खलास' हा मधासारख्या चवीचा, सोनेरी तपकिरी, आणि पाहुण्यांसमोर बहुधा हाच ठेवतात. 'फर्द' गडद, टिकाऊ. 'खुनैझी' लालसर काळा. 'नगाल' सगळ्यांच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतो आणि त्याची वाट आपल्याकडच्या पहिल्या हापूससारखी पाहतात. 'खसाब' उशिरा येतो.

जातीइतकीच अवस्था महत्त्वाची. पिवळा किंवा लाल, करकरीत, किंचित तुरट असतो तो 'बिसर'. निम्मा मऊ झालेला तो 'रुतब'. पूर्ण पिकून सुकलेला तो 'तमर'. जून ते ऑगस्ट रुतबचे दिवस. तुम्ही उन्हाळ्यात आला असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी थंडगार रुतब खा. भारतात पाकिटातून मिळणाऱ्या खजुराशी त्याचं नातं फक्त नावापुरतं आहे.

खजुराचा काकवीसारखा पाक, 'दिब्स', हाही घरोघरी असतो. जब्रीनच्या किल्ल्यात गेलात तर एक छोटी खोली दिसेल, तिच्या जमिनीला समांतर पन्हळी पाडलेल्या आहेत. खजुराच्या गोण्या एकावर एक रचून ठेवायच्या, वजनाने आणि उष्णतेने पाक खाली झिरपायचा आणि पन्हळीतून भांड्यात जमा व्हायचा. वेढा पडला की हाच पाक उकळून दारावरच्या फटींतून शत्रूवर ओतत, असं तिथे सांगतात. किल्ल्यातलं कोठार आणि शस्त्रागार एकाच खोलीत.

कप कसा धरायचा

ओमानी घरात, दुकानात, सरकारी कचेरीतसुद्धा, कुणी "तफद्दल" म्हणालं आणि हात आत दाखवला, तर तो नुसता शिष्टाचार समजू नका. खरोखर बोलावणं असतं. चपला बाहेर काढा. जमिनीवर बसताना पायाचे तळवे कुणाकडे येणार नाहीत असे बसा. मांडी घालायची आपली सवय इथे फार कामाला येते.

आधी समोर 'फुआला' येईल. म्हणजे खजूर, फळं, हलवा यांचं ताट. त्यानंतर कहवा. कॉफीच्या बिया भाजून जाडसर कुटतात, वेलदोड्याबरोबर उकळतात, शेवटी कधी गुलाबपाणी, कधी केशर. दूध नाही, साखर नाही, कारण गोडाचं काम खजुराने आधीच केलेलं असतं. 'दल्ला' नावाच्या चोचीच्या किटलीतून, बिनकानाच्या छोट्या 'फिंजान'मध्ये कहवा ओततात. वाढणारा बहुधा घरातला तरुण मुलगा असतो, उभा राहून, डाव्या हातात दल्ला आणि उजव्या हातात कप.

कप तळाशी थोडासाच भरलेला असेल. हा कंजूषपणा वाटून घेऊ नका. काठोकाठ भरलेला कप म्हणजे "प्या आणि निघा". थोडं थोडं पुन्हा पुन्हा ओतणं म्हणजे "बसा". उजव्या हाताने घ्या, उजव्या हातानेच परत द्या. नुसता रिकामा कप परत केला तर तो पुन्हा भरून येईल, आणि पुन्हा. पुरे झालं की कप मनगटातून दोन-तीनदा हलकेच हलवायचा. हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका संध्याकाळी सात कप प्यालो आणि वाढणारा मुलगा माझ्यासाठी उभाच राहिला. दोन किंवा तीन कपांवर थांबणं चांगलं. एकही न घेणं मात्र यजमानाला लागतं. अगदी नको असेल तरी एक कप घ्या, घोटभर प्या.

या अरबी कॉफीच्या आतिथ्याची युनेस्कोने २०१५ साली ओमान, सौदी अरेबिया, अमिरात आणि कतार यांच्या नावे सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. सौदी कहवा पिवळट असतो, ओमानी त्याहून गडद.

घरी करायचा तर पाऊण लिटर पाण्याला तीन मोठे चमचे जाडसर कॉफी आणि सात-आठ ठेचलेले वेलदोडे घ्या, मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, गॅस बंद करून चमचाभर गुलाबपाणी घाला, पाच मिनिटं गाळ बसू द्या आणि वरचं पाणी थर्मासमध्ये ओता. गुलाबपाणी जबल अखदरचं मिळालं तर उत्तम. त्या डोंगरावर मार्च-एप्रिलमध्ये गुलाब फुलतो आणि पाकळ्या मातीच्या भट्टीवर ऊर्ध्वपातनाने उतरवतात. त्यामुळे त्या पाण्याला किंचित धुराचा वास असतो. पहिल्यांदा नाक मुरडावंसं वाटेल, पण महिनाभराने त्याशिवाय कहवा अपुरा वाटायला लागतो.

सुफऱ्यावर बसताना

मुख्य जेवण दुपारचं, आणि सगळ्यांत मोठं शुक्रवारचं, नमाजनंतर. जमिनीवर कापड किंवा प्लास्टिक अंथरतात, तो 'सुफरा'. त्यावर एक भलंमोठं ताट, त्यात भाताचा डोंगर, वर मांस किंवा मासा. चार-सहा जण भोवती बसतात. पुरुष आणि बायका बहुतेक घरांत वेगळ्या खोल्यांत जेवतात, त्यामुळे जोडप्याने गेलात तर दारातच दोन वाटा होतील. याने अवघडून जाऊ नका. माझ्या बायकोचं म्हणणं आहे की खरी माहिती, म्हणजे कुठल्या मसाल्यात काय, हे सगळं तिकडच्या खोलीतच कळतं.

नियम थोडेच आहेत. हात धुवा. फक्त उजवा हात. आपल्या समोरच्या भागातूनच खा, ताटाच्या मध्यात किंवा दुसऱ्याच्या बाजूला हात घालू नका. भात तीन बोटांत दाबून छोटा घास करायचा. वरण-भात हाताने खाणाऱ्याला हे जमतंच. मांस तुम्ही ओढायचं नाही, यजमान चांगला तुकडा सोडवून तुमच्या समोर ठेवेल. सोबत ताक असेल, त्याला 'लबन' म्हणतात. पोट भरलं की "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायचं आणि हात थांबवायचा. ताट चाटूनपुसून संपवायची गरज नाही. उरलेलं आत जातं, ते फुकट जात नाही.

जेवणानंतर पुन्हा कहवा, मग धुपाटण्यात ऊद किंवा लोबान. धूर कपड्यांवर, दाढीवर घेतात. अरबीत म्हण आहे, "मा बाद अल-ऊद कुऊद", ऊद फिरल्यावर बसणं नाही. म्हणजे आता निरोप घ्यायचा. बोलावणं किती वेळाचं होतं हे कुणाला विचारावं लागत नाही.

शाकाहारी असाल, किंवा बीफ खात नसाल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे चांगल्या मनाने चुका होतात.

'हरीस' दिसायला आपल्या लापशीसारखा असतो. पांढरट, गुळगुळीत, वर तूप. तो गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून एकजीव घोटलेला असतो आणि मांसाचा एकही तुकडा दिसत नाही. हैदराबादच्या हलीमशी त्याचं जवळचं नातं आहे. 'अर्सिया' तसाच, तांदूळ आणि मांस घोटून केलेला. सूप, म्हणजे 'शोरबा', यातही बहुधा मांस असतं. तेव्हा "हे तर खीर दिसतंय" म्हणून हात घालू नका.

'लहम' म्हणजे मांस. 'लहम गनम' बकरी-मेंढीचं, 'लहम बकर' गायी-बैलाचं, 'लहम जमल' उंटाचं, 'दजाज' कोंबडी, 'समक' मासा. "अना मा आकल लहम", मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. पण ते सुफऱ्यावर बसल्यावर म्हणू नका. बोलावणं येईल त्याच क्षणी, फोनवरच, हसून सांगा. ताटावर बसून नकार दिला की यजमानाला वाटतं त्याच्या हातून चूक झाली. आधी सांगितलंत तर तो तुमच्यासाठी वेगळं काही करायला स्वतः धावेल. भारतीयांशी शतकानुशतकं व्यापार असलेला हा देश आहे, शाकाहार म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

खाण्यासारखं बरंच आहे. 'रखाल' ही तव्यावर पसरलेली कागदासारखी पातळ पोळी, मध घालून. मध 'सुमर'चा गडद आणि उग्र, 'सिदर'चा बोरीच्या झाडावरचा, आणि दोन्ही महाग. डाळ इथेही शिजते. झांझिबारहून परतलेल्या कुटुंबांकडून आलेले 'मंदाझी', म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाचे तळलेले फुगीर वडे, न्याहारीला मिळतात. आणि रस्त्यावरचा 'करक' चहा तर आपलाच 'कडक', मधल्या 'ड'चा 'र' झाला एवढंच. पैसे देताना बैसा मोजाल, तोही आपला पैसाच. १९७० पर्यंत या देशात रुपया चालत होता.

बाजारात जा, पण पहाटे

मस्कतच्या मत्रा भागातला मासळी बाजार सकाळी लवकर गाठा. कोकणातून आलेल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त नावं बदलायची. 'कनाद' म्हणजे सुरमई, ओमानी लोकांचा सगळ्यांत आवडता मासा. तारल्या ढिगाने. कुपा, बांगडा, कोळंबी सगळं आहे. कापणारे वेगळे बसतात, थोड्या पैशांत साफ करून देतात.

सुक्या मासळीकडे जरूर वळा. 'अवाल' म्हणजे सुकवलेली मोरी, शार्क मासा. ती भिजवून, शिजवून, कुस्करून कांदा-लिंबाबरोबर खातात. 'काशअ' म्हणजे सुकवलेली बारीक मासळी. किनाऱ्यावर वाळवलेलं हे खाणं उंटांच्या पाठीवरून आतल्या गावांत जायचं, म्हणून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या बदूच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाच्या, जेवणातही मासा असतो. दक्षिणेकडच्या धोफार प्रांतात सुकवलेल्या तारल्या उंटांनाही खायला घालतात. आपल्या घरी सुकट भाजली की शेजारी काय म्हणतील याची धास्ती असते, ती इथे बाळगायचं कारण नाही.

शुक्रवारी निझवाला बकऱ्यांचा बाजार भरतो. सकाळी सातच्या सुमारास विकणारे आपापली जनावरं घेऊन गोल फिरतात, घेणारे आत-बाहेर बसलेले असतात, दात तपासतात, ओरडून भाव होतो. घ्यायचं काही नसलं तरी तासभर उभं राहा. गर्दीच्या वाटेत मात्र येऊ नका, आणि लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विशेषतः बायकांचे.

इथून घरी 'लूमी' घेऊन या. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळी-तपकिरी होईपर्यंत वाळवलेली छोटी लिंबं ती हीच. हातात घेतली तर पोकळ, हलकी, वाजतात. इराणी लोक यांना 'लिमू ओमानी' म्हणतात. आंबटपणाबरोबर एक मुरलेला, किंचित धुरकट वास येतो, तो कोकमाने किंवा चिंचेने येत नाही.

पहिला ओमानी स्वयंपाक

सुरमई आणि लूमीचा भात करा. चौघांसाठी सहा-आठ तुकड्या घ्या. मीठ, हळद, एका लिंबाचा रस, सहा-सात लसूण पाकळ्यांची गोळी आणि दोन चमचे 'बिझार' लावून अर्धा तास ठेवा. बिझार हा ओमानी घराचा गोडा मसाला समजा, प्रत्येकीचा वेगळा. धने, जिरं, मिरे, बडीशेप, दालचिनी, लवंग, वेलची, हळद, लाल मिरची हे त्यात साधारण असतंच. खोबरं आणि तीळ नाहीत.

तुपावर दोन कांदे चांगले तपकिरी होऊ द्या. घाई केलीत तर भाताला रंग येणार नाही. दालचिनी, लवंग, वेलची घाला. दोन लूमी सुईने किंवा सुरीच्या टोकाने टोचून अख्ख्याच टाका. फोडू नका, बिया कडू असतात. अर्धा तास भिजवलेला दोन वाट्या बासमती परता, साडेतीन वाट्या गरम पाणी, मीठ, झाकण, मंद आच. मासा वेगळा तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजा, भातावर मांडा, पाच मिनिटं झाकून ठेवा. शिजलेली लूमी ज्याला आवडते त्याने ताटात दाबून रस काढायचा. सोबत टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची आणि लिंबाची कच्ची पातळ चटणी. तिखट कमी वाटेल. मिरचीचं प्रमाण वाढवू नका, निदान पहिल्या खेपेला. ओमानी भात वासावर उभा असतो, तिखट वाढलं की तो वास दबतो.

रमजान आणि ईद

रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं, धूम्रपान कायद्याने मना आहे, मुसलमान नसलात तरी. गाडीतही पाण्याची बाटली तोंडाला लावू नका. मावळतीला मात्र कुणी इफ्तारला बोलावलं तर जा. आधी खजूर, पाणी, लबन. मग नमाज. मग सांबुसे, शोरबा, पाकातले गोल 'लुकैमात', आणि 'थरीद', म्हणजे मांसाच्या रश्शात भिजलेली पोळी. महिन्याच्या मध्यावर एका रात्री मुलं दारोदार गाणी म्हणत खाऊ मागतात, त्या 'करनकशो'ला घरात चॉकलेट आणि शेंगदाणे ठेवा. आपल्या भोंडल्यातल्या खिरापतीची आठवण येते.

ईदची खरी गोष्ट 'शुवा'. गावागणिक दिवसांचा क्रम थोडा बदलतो, पण साधारणपणे पहिल्या दिवशी अर्सिया किंवा हरीस, दुसऱ्या दिवशी 'मिशकाक' म्हणजे निखाऱ्यावरचं सळईचं मांस, आणि तिसऱ्या दिवशी शुवा. एका सहकाऱ्याच्या गावी मी तो सगळा पाहिला आहे. बकऱ्याच्या मोठ्या तुकड्यांना लसूण, मिरची, बिझार, सिरका आणि तेलाचा जाड लेप लावतात. केळीच्या पानांत गुंडाळतात. मग खजुराच्या झावळ्यांनी विणलेल्या पिशवीत, 'खस्फा'त, घालून तोंड शिवतात. गल्लीतल्या सगळ्या घरांचा खड्डा एकच, माणसाहून खोल, दगडांनी बांधलेला. त्यात लाकडं पेटवून निखारे झाले की प्रत्येक घरची पिशवी आत पडते. प्रत्येकीला तारेने खुणेचा पत्रा बांधलेला, कारण दोन दिवसांनी सगळ्या पिशव्या सारख्याच काळ्या दिसतात. वर लोखंडी झाकण, त्यावर माती, आणि वाफ कुठून निसटते का ते पोरं वाकून पाहतात. निसटली की मूठभर ओला चिखल.

उघडतात तेव्हा सगळी गल्ली जमते. हाड उचललं की मांस मागे राहतं, इतकं मऊ. अलिबाग-पेणकडची पोपटी ज्यांनी शेतात बसून खाल्ली आहे, त्यांना या वासातलं काही ओळखीचं वाटेल, पालापाचोळा आणि मातीचं. शुवा हॉटेलांतही मिळतो, पण ईदला कुणी गावी बोलावलं तर रजा काढा आणि जा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्याकडची मिठाई नेलीत तर ती फुआलाच्या ताटात तुमच्यादेखत ठेवली जाईल.

सलाला वेगळं आहे

जून अखेर ते सप्टेंबर दक्षिणेला धोफारमध्ये, म्हणजे सलाला शहराच्या प्रांतात, 'खरीफ' असतो. मोसमी धुकं, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपई. वाळवंटी देशात आहोत हे विसरायला होतं आणि कोकण आठवतो. तिथे 'मधबी' खा: गोट्यांचा थर निखाऱ्यावर तापवून त्यावर भाजलेलं मांस. उंटाचं मांसही तिथेच चांगलं मिळतं. लोबानाचे चांगले, हिरवट पांढरे खडे घेऊन रात्रभर पाण्यात भिजवतात आणि सकाळी ते पाणी पितात. जो खडा जाळायचा तो वेगळा, जो प्यायचा तो वेगळा. दुकानदाराला आधी विचारून घ्या.

गावी नेण्यासाठी

हलवा न्यायचा तर निझवा किंवा बरकाच्या हलवावाल्याकडून. पिष्टमय सत्त्व, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी मोठ्या तांब्याच्या 'मिर्जल'मध्ये तासन्‌तास ढवळून तो करतात, ढवळणारा थांबला की तळाला लागतो. दुकानात जाल तेव्हा चव दाखवतीलच, ऊन ऊन, चमच्यावर. काळा हलवा आणि केशरी हलवा दोन्ही चाखून ठरवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, घट्ट होतो. बाहेर झाकून काही आठवडे सहज टिकतो. खायच्या आधी भांडं गरम पाण्यात ठेवलंत की पुन्हा मऊ.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर जबल अखदरची डाळिंबं पाहा. आपल्याकडे डाळिंबाच्या एका जुन्या जातीचं नावच 'मस्कत' आहे. आणि थंडीच्या आधी जात असाल तर किलोभर खारका. मी दर वर्षी नेतो. आईच्या हाताखाली आता माझी मुलगी बसते बिया काढायला, आणि काहिलीत उकळणारे पिवळे खजूर तिने स्वतः पाहिले आहेत.